झेफिर गेली, तिचं एंजिन राहिलं

तुमचा प्रश्न असा: 1930 च्या दशकात अमेरिकेत आणि जर्मनीत निमुळत्या तोंडाच्या, चकचकीत डिझेल गाड्या निघाल्या, जगभर गाजल्या, मग वीस-पंचवीस वर्षांत त्या गेल्या कुठे? विमानानं आणि मोटारीनं त्यांना संपवलं, हे खरं का?

अर्धं खरं. विमान आणि मोटार यांनी संपवली ती त्यांच्यानंतरची पिढी. पहिल्या पिढीतल्या बऱ्याच गाड्या त्याच्या आधीच बाजूला पडायला लागल्या होत्या आणि त्याचं कारण त्यांच्या बांधणीतच होतं. माझी चौतीस वर्षं रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये, म्हणजे एंजिनं दुरुस्त करायच्या जागी गेली. त्यामुळे कुठलीही नवी गाडी दाखवली की किती पळते हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, ही वाटेत बंद पडली तर काय करायचं? या गाड्यांचं बरंचसं नशीब याच प्रश्नात आहे.

जर्मनीपासून सुरू करतो, कारण ती आधी. 15 मे 1933 पासून बर्लिन ते हॅम्बर्ग अशी दोन डब्यांची एक गाडी रोज धावू लागली. कागदोपत्री नाव एसव्हीटी 877, लोकांच्या तोंडी 'फ्लिगेंडर हॅम्बुर्गर', म्हणजे उडता हॅम्बर्गकर. गोर्लिट्झला बांधलेली, अंगावर जांभळा आणि साईसारखा रंग. तिचा आकार झेपेलिन या हवाई जहाजवाल्यांच्या वाऱ्याच्या बोगद्यात तपासून ठरवला होता. दोन टोकांना 410 अश्वशक्तीचं एकेक मायबाख डिझेल एंजिन. एंजिनानं डायनॅमो फिरवायचा, त्या विजेवर चाकांच्या मोटारी चालायच्या. 286 किलोमीटर ती 138 मिनिटांत कापायची. सरासरी ताशी 124 किलोमीटर, कमाल वेग 160. त्याच दोन शहरांमध्ये यापेक्षा कमी वेळ लावणारी गाडी थेट 1997 मध्ये आली. मधली चाळीस वर्षं देशाची फाळणी आडवी होती हे खरं, तरीही. बसायला जागा 98, आणि उपाहाराच्या कोपऱ्यात आणखी 4. सगळ्या मिळून 102. जागा किती थोड्या ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथे एक शब्द साफ करून घेतो. आपल्याकडे लोक सरसकट डब्याला बोगी म्हणतात. रेल्वेत बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. साधारणपणे एका डब्याला दोन बोग्या, एक पुढे एक मागे. या गाड्यांमध्ये मात्र दोन डब्यांची टोकं मिळून एकाच बोगीवर टेकवलेली असायची. तिला याकोब्स बोगी म्हणतात. त्यामुळे वजन वाचतं, गाडी कमी हलते, वळणावर डबे एकमेकांना धरून जातात. हॅम्बुर्गरच्या मोटारीही या मधल्या बोगीतच होत्या. कागदावर फार देखणी युक्ती. पण कपलिंग खोलून डबा वेगळा करायची सोय गेली. एका डब्याची बोगी काढायची तर दुसऱ्याच्या टोकालाही टेकू द्यावा लागतो, म्हणजे काम यार्डातून उठून वर्कशॉपमध्ये गेलं.

अमेरिकेत महामंदीनं रेल्वेचं कंबरडं मोडलं होतं. 1929 ते 1933 या चार वर्षांत प्रवासी उत्पन्न निम्म्याच्याही खाली गेलं होतं. लोक फोर्डमध्ये बसून जायला लागले होते आणि कंपन्यांकडे काळ्या धुराच्या, जडशीळ पोलादी डब्यांच्या गाड्या उरल्या होत्या. काहीतरी नवं दाखवल्याशिवाय माणूस स्टेशनवर फिरकणार नव्हता. युनियन पॅसिफिक कंपनीनं फेब्रुवारी 1934 मध्ये एम-10000 ही तीन डब्यांची गाडी आणली. पुलमन कंपनीनं बांधलेली, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, पिवळी आणि तपकिरी. अमेरिकेतली ही पहिली स्ट्रीमलाइनर, म्हणजे वारा कापेल अशा निमुळत्या आकाराची गाडी. पण ती डिझेलवर चालत नव्हती! तिच्यातलं 600 अश्वशक्तीचं विंटन एंजिन डिस्टिलेट नावाच्या हलक्या तेलावर, ठिणगीनं पेटणारं होतं. पुष्कळ ठिकाणी तिला पहिली डिझेल गाडी म्हटलेलं आढळतं, ते चूक आहे. दोन महिन्यांनी आली ती झेफिर. खरी डिझेल ती.

झेफिरच्या मागे दोन बड आहेत आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं. राल्फ बड हे शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी रेल्वेचे अध्यक्ष. एडवर्ड बड हे फिलाडेल्फियातले मोटारींचे सांगाडे करणारे कारखानदार. आणि तिसरा भिडू जनरल मोटर्स, जिनं 1930 मध्ये विंटन एंजिन कंपनी आणि रेल्वेच्या मोटारगाड्या करणारी इलेक्ट्रो-मोटिव्ह या दोन्ही विकत घेतल्या होत्या.

आधी एंजिन. त्या काळातली मोठी डिझेल एंजिनं जहाजाला आणि पंपाला ठीक होती, गाडीत बसवायला फार जड. जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांच्या माणसांनी टू-स्ट्रोक एंजिन हाती घेतलं. हवा ब्लोअरनं ढकलायची, जळका धूर वरच्या व्हॉल्व्हमधून बाहेर काढायचा, आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंजेक्टर, म्हणजे लांबलचक उच्चदाबाच्या नळ्यांची भानगड नाही. ब्लॉक ओतीव नाही, पोलादी पत्र्यांचा वेल्ड केलेला. 1933 च्या शिकागोच्या जत्रेत, 'शतकाची प्रगती' नावाच्या प्रदर्शनात, जनरल मोटर्सनं अशी दोन एंजिनं आपल्या दालनाला वीज पुरवायला लावली. राल्फ बड यांनी ती तिथे पाहिली आणि आपल्या गाडीसाठी धरूनच बसले. एंजिन तेव्हा किती कच्चं होतं, ते चार्ल्स यांचे चिरंजीव यूजीन केटरिंग यांनी पुढे सांगून ठेवलंय. काय काय बिघडत होतं ते सांगायला वेळ पुरणार नाही, पण डिपस्टिकनं कधी त्रास दिल्याचं आठवत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेडमध्ये काम केलेल्या माणसाला या वाक्यावर हसू येतं आणि पोटात गोळाही येतो. नवं मॉडेल आलं की पहिली दोन वर्षं आम्हीही हेच जगायचो.

सुधारून निघालेलं 201-ए हे एंजिन आठ सिलिंडरचं, 600 अश्वशक्तीचं. ते झेफिरच्या पहिल्या डब्यात बसलं. मोटारी फक्त पुढच्या बोगीवर.

सांगाड्याची गोष्ट मला जास्त आवडते. एडवर्ड बड यांना गाडी स्टेनलेस स्टीलची करायची होती. अडचण अशी की स्टेनलेस नेहमीसारखं वेल्ड केलं तर जोडाभोवतीचा भाग जास्त वेळ तापतो, आतलं कार्बन क्रोमियमला धरून बसतं आणि तो भाग गंजायला मोकळा होतो. त्यांच्याकडच्या अर्ल रॅग्सडेल या इंजिनिअरनं उपाय काढला: प्रचंड करंट, पण क्षणाच्या अगदी छोट्या तुकड्यापुरता, नेमका एका ठिपक्यावर. धातू वितळून जोडला जातो, आजूबाजूला उष्णता पसरायला वेळच मिळत नाही. याला शॉट-वेल्डिंग म्हणतात. झेफिरच्या अंगावर ज्या आडव्या पन्हाळ्या दिसतात त्या केवळ शोभेच्या नाहीत. पातळ पत्र्याला त्या ताठपणा देतात आणि वेल्डिंगनं पत्र्याला आलेली लहर झाकतात. तीन डब्यांची अख्खी गाडी, एंजिनासकट, शंभर टनांच्या आत बसली. त्या काळी पुलमनचा एकटा शयनयान डबा सत्तर-ऐंशी टनांचा असायचा. हे वजन धरल्याशिवाय 600 अश्वशक्तीत 180 चा वेग कसा मिळाला ते कळणार नाही.

आता ती प्रसिद्ध धाव. 26 मे 1934. डेन्व्हर ते शिकागो, 1,633 किलोमीटर, कुठेही न थांबता, पहाटे निघून संध्याकाळी त्याच प्रदर्शनात पोचायचं. एरवी या प्रवासाला 25 तासांच्या वर लागायचे. निघायच्या आदल्या दिवशी एका आर्मेचरचं, म्हणजे विजेच्या यंत्राच्या फिरत्या गाभ्याचं, बेअरिंग तडकलेलं सापडलं. दुसरं विमानानं मागवून बसवलं, त्यात तासभर उशीर झाला. वाटेत दारात सापडून एक वायर चिरडली गेली, शॉर्टसर्किट झालं, एंजिन बंद. गाडी उतारावर आपल्या वजनानं घरंगळत होती, वेग हळूहळू उतरत होता. शेवटी एका तंत्रज्ञानं तुटलेली टोकं हातानं धरून एंजिन चालू करून दिलं आणि हात भाजून घेतला. हे वाचून मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो आणि वायरिंग करणाऱ्याला दोन शब्द सुनवावेसे वाटतात.

गाडीत एक गाढवही होतं. डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रानं शिकागोच्या प्रदर्शनासाठी भेट म्हणून दिलेलं, नाव झेफ. घेऊ का, असं विचारल्यावर राल्फ बड यांनी उत्तर दिलं ते साधारण असं, की गाडीत आधीच इतकी आहेत, आणखी एकानं काय बिघडतं.

13 तास 5 मिनिटं. सरासरी ताशी 125 किलोमीटर, कमाल 181. तेल जळलं 418 गॅलन, गॅलनला 4 सेंट या भावानं खर्च 16 डॉलर 72 सेंट. आपल्या हिशेबात किलोमीटरला एक लिटरहून किंचित कमी. अठरा डबे ओढणारं आमचं एंजिन घाटात जे प्यायचं, ते आठवून मी हा आकडा दोनदा करून पाहिला.

कौतुक करताना एक गोष्ट मात्र सांगायला हवी. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 1,600 मीटरवर आणि शिकागो दोनशेच्याही खाली. धाव उताराच्या दिशेनं ठेवली होती. सगळ्या फाटकांवर माणसं उभी होती, बाकीच्या गाड्या बाजूला काढलेल्या होत्या. फसवणूक नव्हती ती, जाहिरात होती. आणि जाहिरात म्हणून तिच्यासारखी दुसरी नाही.

11 नोव्हेंबर 1934 पासून झेफिर कॅन्सस सिटी, ओमाहा आणि लिंकन या मार्गावर रोजच्या सेवेला लागली. आणि तिथे दुखणं सुरू झालं. दुखणं कसलं, तर गर्दीचं. गाडीत जागा 72. दुसऱ्या डब्यात 20, तिसऱ्यात 40, शेवटच्या गोल काचेच्या दालनात 12. बाकी जागा एंजिन, टपाल आणि सामानाला. लोक यायला लागले, जागा पुरेनात. साध्या गाडीला काय करतात? यार्डातून एक डबा आणतात, मागे लावतात, शंटिंगचा अर्धा तास. झेफिरला तसं करता येत नव्हतं. 1935 मध्ये चौथा डबा घातला, पण तो कारखान्यातून तसाच बांधून, मध्ये सांधून. आणि ओढायला तेच 600 अश्वशक्तीचं एंजिन. सणासुदीला दोन डबे वाढवा, मंगळवारी एक काढा, ही चैन या गाड्यांना कधीच नव्हती.

दुसरं दुखणं आमच्या खात्यातलं. माझ्या नोकरीत एक डेमू रेक, म्हणजे पोटातच डिझेल एंजिन असलेली अख्खी जोडगाडी, आमच्याकडे यायचा. एकदा त्याच्या पॉवर कारच्या एंजिनाचा टर्बो गेला. स्पेअर यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मागच्या डब्यांना काहीही झालेलं नव्हतं. पंखे फिरत होते, बाकडी शाबूत होती, तरी सगळा रेक दुरुस्तीच्या पिटवर उभा. बाहेर प्रवासी ओरडत होते, आत आमचे साहेब. त्याच आठवड्यात एका एक्स्प्रेसचं एंजिन फेल झालं, ते काढलं, दुसरं लावलं आणि गाडी पाऊण तासात पुढे गेली. आजारी एंजिन शेडमध्ये आलं, आम्ही त्याला आठवडाभर खोललं, एकाही प्रवाशाला पत्ता नाही. कोचिंगवाले आणि डिझेलवाले एकमेकांशी कितीही भांडले तरी दोघांची कामं वेगळी असतात ती याचसाठी. डब्यांची देखभाल वेगळ्या वेळापत्रकानं, एंजिनाची वेगळ्या. दोन्ही एकात शिवली की जो आजारी पडेल तो दुसऱ्याला घेऊन झोपतो. आणि 201-ए आजारी पडायचं. पिस्टन, सिलिंडर हेड, सगळं बाल्यावस्थेत होतं.

हा हिशेब इंग्लंडमध्ये एका माणसानं फार लवकर ओळखला. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे मुख्य यंत्र अभियंता नायजेल ग्रेस्ली जर्मनीत जाऊन हॅम्बुर्गरमध्ये बसून आले आणि खूष झाले. लंडन ते न्यूकॅसलसाठी तशी गाडी मिळेल का, असं जर्मनांना विचारलं. उत्तर आलं: तीन डब्यांची गाडी, सव्वाचार तास. ग्रेस्ली यांनी विचार केला, एवढ्या वेळात तर मी वाफेवर, याहून मोठी गाडी, नीट जेवणाच्या डब्यासकट नेईन. 5 मार्च 1935 ला त्यांच्या 'पपायरस' एंजिनानं चाचणीत ताशी 174 किलोमीटर गाठले. सप्टेंबरपासून 'सिल्व्हर ज्युबिली' सात डबे घेऊन चार तासांत न्यूकॅसलला जायला लागली. डिझेल वाईट म्हणून त्यांनी नाकारलं नाही. एवढ्या थोड्या जागांची गाडी त्यांना परवडत नव्हती, एवढंच.

अमेरिकनांना हे धडा गिरवून शिकावं लागलं, पण शिकले झपाट्यानं. एप्रिल 1935 मध्ये शिकागो ते मिनियापोलिस जुळ्या झेफिर सुरू झाल्या, तीन-तीन डब्यांच्या. डिसेंबर 1936 मध्ये, म्हणजे पावणेदोन वर्षांत, त्यांना हटवून सहा डब्यांच्या मोठ्या गाड्या आणल्या. एकीच्या डब्यांना देवांची नावं, दुसरीच्या डब्यांना देवींची. त्याच वर्षीच्या डेन्व्हर झेफिरमध्ये तर एंजिनं डब्यांपासून वेगळी काढून स्वतंत्र गाड्यांत बसवली, एकूण 3,000 अश्वशक्ती. तिनं 23 ऑक्टोबर 1936 ला शिकागो ते डेन्व्हर, म्हणजे चढाच्या बाजूनं, 12 तास 12 मिनिटांत अंतर कापलं. माझ्या मते खरा पराक्रम हा. गाढवाची गाडी त्यापुढे काहीच नाही. पण नवलाई संपली होती, त्यामुळे याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

1937 पासून इलेक्ट्रो-मोटिव्हनं ई-मालिकेची सुटी एंजिनं विकायला सुरुवात केली. कुठल्याही कंपनीनं घ्यावीत, कुठल्याही डब्यांना लावावीत, कमी पडली तर मागे आणखी एक जोडावं. 1939 मध्ये मालगाड्यांसाठी एफटी आलं, चार युनिटं मिळून 5,400 अश्वशक्ती. ते दाखवायला म्हणून देशभर 83,764 मैल फिरवलं, आणि वाफेचं अमेरिकेतलं भवितव्य तिथेच ठरलं. मला विचाराल तर एकसंध स्ट्रीमलाइनरचंही. जे एंजिन तिच्या पोटात वाढलं तेच बाहेर पडून उभं राहिलं, आणि आईची गरज संपली.

मग त्या गाड्यांचं काय झालं? युनियन पॅसिफिकची एम-10001 ही धाकटी बहीण 1939 मध्येच काढली. एम-10000 डिसेंबर 1941 मध्ये थांबली आणि 1942 मध्ये मोडीत गेली, कारण युद्धाच्या विमानांना अ‍ॅल्युमिनियम हवं होतं. इलिनॉय सेंट्रलची 'ग्रीन डायमंड' 1950 मध्ये भंगारात. झेपेलिनशी भागीदारी असलेल्या गुडइयरच्या कारखान्यानं बोस्टन आणि प्रॉव्हिडन्स यांच्यामध्ये धावायला बांधलेली 'कॉमेट' 1951 मध्ये गेली. झेफिरची जुळी शोभावी अशी 'फ्लाइंग यँकी' 1957 पर्यंत तगली. आणि मूळ झेफिर, जिला पुढे 'पायोनियर झेफिर' म्हणायला लागले, ती 1960 पर्यंत धावली. तीस लाख मैलांच्या वर! 1939 मध्ये मिझुरीत मालगाडीशी समोरासमोर टक्कर झाली, तीही पचवून. ती टिकली ती स्टेनलेसमुळे. पण शेवटची वर्षं तिनं काढली ती लहान गावांच्या फाट्यांवर, जिथे 72 जागा पुरत होत्या. जर्मनांच्या गाड्या सप्टेंबर 1939 मध्ये डिझेल सैन्यासाठी राखल्यावर उभ्याच राहिल्या, पुढे विजेत्यांमध्ये वाटल्या गेल्या. पहिला हॅम्बुर्गर फ्रान्समध्ये राबून परत आला, 1957 मध्ये निवृत्त झाला. त्याचा पुढचा भाग न्यूरेंबर्गच्या संग्रहालयात आहे.

आता तुमच्या प्रश्नातला दुसरा अर्धा भाग. युद्धानंतर अमेरिकन कंपन्यांनी सुटी डिझेल एंजिनं आणि स्टेनलेसचे डबे अशा नव्या स्ट्रीमलाइनरवर भरपूर पैसा ओतला. बर्लिंग्टननं 1945 मध्ये छतावर काचेचा घुमट असलेला डबा काढला. 1949 ची कॅलिफोर्निया झेफिर त्याच घुमटांसाठी नावाजली. या गाड्या रस्ता आणि विमान यांनीच मारल्या, पण आणखी दोन गोष्टी आहेत ज्या सहसा कोणी मोजत नाही.

एक, नेपरव्हिल. शिकागोच्या पश्चिमेचं हे उपनगर आज आपल्या मराठी मंडळींच्या चांगल्या ओळखीचं आहे. माझा मुलगा तिथेच राहतो. त्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर स्टेशन आहे, आणि ती बर्लिंग्टनचीच जुनी लाइन. 25 एप्रिल 1946 ला भर दुपारी तिथे एक गाडी काहीतरी बिघाड वाटला म्हणून थांबली आणि मागून दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं, त्याच रुळावर येणारी दुसरी गाडी तिच्यात घुसली. 45 माणसं गेली. दोन्ही गाड्या बर्लिंग्टनच्या. स्टेशनाजवळ रेल्वेच्या खिळ्यांपासून केलेलं एक स्मारकशिल्प आहे; मी मॉर्निंग वॉकला गेलो की तिथे थांबतो. या अपघातानंतर 1947 मध्ये सरकारी आयोगानं हुकूम काढला: ताशी 80 मैल किंवा जास्त वेगानं जायचं तर कॅबमध्ये सिग्नल किंवा गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा हवी. 1951 पासून तो लागू झाला. यंत्रणा महाग होती. बहुतेक कंपन्यांनी ती बसवण्याऐवजी वेग 79 मैलांवर, म्हणजे 127 किलोमीटरवर आणून ठेवला. झेफिरनं 1934 मध्ये जी सरासरी गाठली, जवळजवळ तीच आता कमाल मर्यादा झाली. एखाद्या गाडीचा वेग हाच तिचा धंदा असेल आणि तोच काढून घेतला, तर मागे काच आणि चांदीचा रंग उरतो.

दोन, टपाल. प्रवाशांच्या तिकिटावर या गाड्या कधीच पुरत्या जगल्या नव्हत्या. झेफिरच्या पहिल्या डब्यात टपालखोली होती ती उगाच नव्हे. 1967 मध्ये अमेरिकन टपाल खात्यानं बहुतेक सगळ्या फिरत्या टपालखोल्या बंद केल्या आणि पत्रं विमानात आणि ट्रकमध्ये घातली. 1956 च्या कायद्यानं महामार्गांचं जाळं सुरू झालंच होतं, 1958 नंतर जेट आलं होतं. टपालाचे पैसे गेले तेव्हा कंपन्यांनी हात वर केले. कॅलिफोर्निया झेफिर मार्च 1970 मध्ये थांबली. 1 मे 1971 ला अ‍ॅमट्रॅक या सरकारी प्रवासी रेल्वे कंपनीनं उरलंसुरलं ताब्यात घेतलं. त्या नावाची गाडी अ‍ॅमट्रॅक आजही चालवते, नेपरव्हिलला थांबते. वेळेवर येत नाही म्हणून मुलगा कुरकुरतो. मी त्याला आमच्याकडच्या गोष्टी सांगितल्या की गप्प बसतो.

एंजिनाची कहाणी मात्र संपली नाही, आणि तिचं एक टोक आपल्याकडे आहे. 201-ए च्या चुका सुधारून 1938 मध्ये जे आलं त्याचं नाव 567. हा आकडा म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान, घन इंचांत. पुढे ते 645 झालं, मग 710. बांधणी तीच: टू-स्ट्रोक, धूर वरून, प्रत्येक सिलिंडरला आपला इंजेक्टर, पोलादी पत्र्याचा वेल्ड केलेला ब्लॉक. 1999 पासून भारतीय रेल्वेत जनरल मोटर्सची मालगाडीची डब्ल्यूडीजी-4 एंजिनं आली, मग प्रवासी गाड्यांची डब्ल्यूडीपी-4, सोळा सिलिंडर, 4,000 अश्वशक्ती. आत हेच 710. आम्ही तोवर अल्को या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या फोर-स्ट्रोकवर वाढलेलो. टू-स्ट्रोक म्हणजे लूना आणि बजाजची स्कूटर, एवढीच आमची समजूत. पहिल्यांदा कव्हर उघडलं तेव्हा आमच्यातले एक जुने फिटर म्हणाले, "हे काय, अर्धं एंजिन पाठवलंय का?" नंतर त्यांनाच ते सगळ्यात आवडायला लागलं, कारण सिलिंडर, पिस्टन, हेड असा अख्खा संच एकदम बाहेर येतो. 1934 मध्ये झेफिरच्या नाकात बसलेल्या एंजिनाचं हे पणतवंड, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

आता कोणीतरी विचारणार, मग वंदे भारतचं काय, तीही एकसंधच. फरक आहे. वंदे भारतमध्ये याकोब्स बोगी नाही, प्रत्येक डबा आपल्या दोन बोग्यांवर उभा आहे. मोटारी एका जागी नाहीत, निम्म्या डब्यांखाली विखुरलेल्या आहेत. चार डब्यांचा एक संच, असे संच जोडून गाडी होते, त्यामुळे एका संचाची वीज गेली तर बाकीचे ओढत राहतात. आणि वीज वरच्या तारेतून येते, पोटात एंजिन सांभाळायचं नाही. झेफिरला जे दोन आजार होते त्यातला बंद पडण्याचा बराचसा बरा झालाय. गर्दीचा अजून आहे: आठ डब्यांच्या जागी सोळा हवे असतील तर रेकच बदलावा लागतो.

शिकागोला जाणं झालं तर विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात पायोनियर झेफिर जरूर बघा. पूर्वी ती बाहेर ऊनपावसात उभी होती, 1998 पासून जमिनीखालच्या दालनात आहे. आत फिरून झाल्यावर बाहेर या, दोन डब्यांच्या जोडापाशी खाली वाका आणि दोघांनी वाटून घेतलेली ती एक बोगी बघा. निवांत बघता येईल, तिथे कोणी नसतं. गर्दी गाढवाच्या पुतळ्यापाशी असते.